वाटेवरची ओटी

शालनबाईंनी जन्मात पहिल्यांदा ट्रॅक पॅन्ट घातली, ती नेमकी अशा वाटेवर जिथे दर गावात आपलं कोणी ना कोणी दारात उभं असतं. अनोळखी मुलखात घातली असती तर कोणाचं काय गेलं असतं? पण नाही. फजिती व्हायचीच असली की ती सोयऱ्याधायऱ्यांसमोरच होते.

त्याचं असं झालं. शालनबाई राहत त्या थेरगावातल्या एका भटक्यांच्या क्लबने घोरवडेश्वरापासून थेट चाकणच्या पलीकडपर्यंत डोंगर, माळ आणि गावं जोडत एक लांबलचक पायवाट आखली होती. पाच दिवस चालायचं, रात्री कुठल्या शाळेत नाहीतर देवळात पथारी टाकायची. वाट चुकू नये म्हणून झाडांना, खांबांना, कुंपणाच्या तारांना नारिंगी फिती बांधलेल्या. शालनबाईंचा मुलगा रणजीत आणि सून उत्कर्षा यांनी हौसेने नावं नोंदवली होती. आयत्या वेळी रणजीतच्या चाकणच्या कंपनीत नवी लाइन सुरू झाली आणि त्याची सुट्टी रद्द झाली. "एक जागा फुकट जाणार," तो रात्री जेवताना म्हणाला. भाकरी थापता थापता शालनबाई म्हणाल्या, "मी जाती की."

त्यांचे यजमान सोपानराव घास हातात धरून बघत राहिले. "कुठं? भाजी आणायला?"

"चालायला. डोंगरावर."

"तुला कोपऱ्यावरच्या दुकानात धाडायचं म्हटलं तरी पोराची गाडी लागती."

"ती दुकानाला लागती. डोंगराला न्हाई लागत."

सगळे हसले, आणि हसता हसता शालनबाईंचं नाव नोंदवलंही गेलं. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. उत्कर्षा आदल्या आठवड्यात मोबाइलवर नकाशा दाखवत होती. पहिला दिवस अमुक, दुसरा दिवस देहू आणि भंडारा डोंगर, तिसरा दिवस सुदुंबरे, भामचंद्र, वासुली, बोरजाईवाडी. शेवटचं नाव ऐकलं आणि शालनबाईंच्या हातातली पळी आमटीतच राहिली. बोरजाईवाडीत त्यांची थोरली बहीण राहत होती. सावित्रीबाई, म्हणजे शालनबाईंची अक्का. आणि अक्का त्यांच्याशी चार वर्षं बोलत नव्हती.

भांडण झालं असतं तर बरं, निदान ते मिटवता तरी येतं. इथे भांडण झालंच नव्हतं. रणजीतच्या लग्नात शालनबाईंनी अक्काला आहेरात दुकानाच्या खोक्यासकट एक साडी दिली. ती साडी वर्षभर आधी घराच्या वास्तुशांतीला अक्कानेच शालनबाईंना दिलेली होती. वास्तुशांतीला इतक्या साड्या आल्या, की सगळी खोकी न उघडताच कपाटात गेली आणि लग्नाच्या धांदलीत एकेक करून बाहेर निघाली. असं कोणाच्या घरात होत नाही? आपल्याकडच्या निम्म्या साड्या कधी कोणाच्या अंगाला लागतच नाहीत, नुसत्या या घरातून त्या घरात हिंडत असतात. पण एखादी साडी जिने दिली तिच्याच मांडीवर जाऊन बसावी, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या! अक्काने मांडवातच खोकं उघडून आत पाहिलं, पुन्हा झाकलं आणि न जेवता निघून गेली. त्यानंतर फोन उचलणं बंद. दिवाळीला येणं बंद.

गाडी करून मुद्दाम बोरजाईवाडीला जाणं शालनबाईंना जमलं नव्हतं. तसं गेलं की माफी मागायला आल्यासारखं दिसतं, आणि अक्काने दार लावून घेतलं तर परत येताना ड्रायव्हरलासुद्धा तोंड दाखवायची सोय राहत नाही. पण चालता चालता वाटेत घर लागलं तर त्याला कोण काय म्हणणार? अक्काने हाक मारली तर आत जायचं, नाही मारली तर वाट पुढे आहेच. अक्काने एक हाक मारावी, एवढ्यासाठी ही बाई पाच दिवस डोंगर तुडवायला निघाली होती.

त्यासाठी त्यांनी बॅगेत हिरवी इरकल साडी घडी करून ठेवली होती. बोरजाईवाडीच्या अलीकडे कुठल्याशा देवळात नेसायची आणि बहिणीच्या दारावरून माणसासारखं जायचं, असा बेत होता. पण क्लबचा अजिंक्य आडवा आला. अजिंक्य हा तिशीतला काटकुळा पोरगा. सगळ्यांत मागे राहिलेल्या माणसाच्याही मागे चालायचं, हे क्लबने त्याला नेमून दिलेलं काम. पहिल्या दिवशी घोरवडेश्वराच्या पायथ्याशी त्याने प्रत्येकाची बॅग हुकाच्या काट्याला टांगली. शालनबाईंची टांगल्यावर काटा बघून तो म्हणाला, "काकू, आपण चालायला निघालोय, बस्ता बांधून नाही." आणि लाडवांचा स्टीलचा डबा, तांब्या, परकर आणि इरकल असं सगळं काढून त्याने सोडायला आलेल्या रणजीतच्या हातात दिलं. साडी कशाला हवी हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. अंगावर राहिली उत्कर्षाने आणलेली काळी ट्रॅक पॅन्ट आणि क्लबचा पोपटी टीशर्ट.

तर असा तिसरा दिवस उजाडला. डिसेंबरची छान थंडी, कांद्याच्या वाफ्यांत पाणी सोडलेलं, आणि लांबून चाकणच्या रस्त्यावरच्या कंटेनरांची घरघर. बाकीची मंडळी तुरुतुरु पुढे निघून गेली. मागे हे तिघं. पुढे उत्कर्षा, मध्ये शालनबाई, शेवटी अजिंक्य.

"आज जरा वेळेत पोचू," अजिंक्य म्हणाला. "आज थांबे कमी आहेत."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत! सुदुंबऱ्यात शिरताच एका गेटातून किंकाळी आली. "मामी! अगं बया, मामी तू पॅन्टीत?"

ती मोनिका. शालनबाईंच्या नणंदेची लेक, इथे दिलेली. तिने आधी पोट धरून हसून घेतलं, मग मामीला हाताला धरून आत ओढलं. अजिंक्य म्हणाला, "ताई, आम्हाला थांबता येणार नाही." मोनिकाने त्याच्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्याने ओसरीवरच्या खुर्चीत बसला. पोहे झाले. चहा झाला. मग उठता उठता मोनिका ताट घेऊन आली. हळदीकुंकू, नारळ, खण आणि तांदूळ.

"आगं, ओटी कशाला? आमी चालत निघालोय," शालनबाई म्हणाल्या.

"दारातनं सवाशीण तशीच धाडू व्हय? धर पदर."

आता पदर कुठून आणायचा! शालनबाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी पोपटी टीशर्टाचं टोक पुढे धरलं. मोनिकाने ओंजळीने तांदूळ घातले. टीशर्ट सुळसुळीत. निम्मे तांदूळ खाली घरंगळले आणि त्यांतले बरेचसे बुटांत गेले. उत्कर्षाने हसू दाबायला तोंड फिरवलं, तर पुढची पाळी तिचीच. दोन नारळ, दोन खण बॅगांत गेले. अजिंक्य नारळांकडे बघत होता. त्याच्या मनात काटा हलताना दिसत होता, पण मोनिकासमोर बोलायची त्याची छाती नव्हती.

निघताना मोनिकाने मोबाइलवर फोटो काढला. भामचंद्राच्या चढाला लागेपर्यंत तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊन सगळ्या खेड तालुक्याने पाहिलेला होता. उत्कर्षा दम खात एकेकाचं वाचून दाखवत होती. "रणजीतने हसून हसून डोळ्यांत पाणी आल्याचं चित्र टाकलंय. बाबांनी विचारलंय, ही कोण?"

शालनबाई दोन पावलं चालल्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "आन अक्कानं बघितला का गं?"

उत्कर्षाने बोटाने स्क्रीन सरकवली. "बघितलाय, आई. लगेचच."

"काय म्हनली?"

"काही नाही. नुसता बघितलाय."

उत्कर्षा हिंजवडीत कामाला होती. दिवसभर मीटिंगांमध्ये लोक बोलतात एक आणि त्यांच्या मनात असतं दुसरं, हे बघायची तिला सवय होती. सासूबाई हौसेने चालायला आल्या नाहीत, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने शालनबाईंच्या बॅगेतला नारळ काढून आपल्या बॅगेत टाकला.

डोंगरमाथ्यावर वारा असा होता, की घाम कुठल्या कुठे गेला. खाली नजर जाईल तिथवर निळ्या पत्र्यांची शेडं, त्यांच्या मधूनच ज्वारीचे हिरवे तुकडे, आणि कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या ओळीने चाललेल्या. शालनबाईंना पलीकडची एक काळी पाण्याची टाकी ओळखू आली. त्या टाकीखाली अक्काचं घर. लहानपणी दोघी बहिणी इंदुरीच्या माळावर शेळ्या घेऊन जायच्या. शालन मागे राहिली की अक्का पुढून ओरडायची, "ये की गं ढिल्ले!" आज तेवढंच ऐकायला मिळालं तरी खूप झालं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं आणि डोळे भरून आले. वाऱ्यामुळे आले, असं त्यांनी अजिंक्यला सांगितलं.

वासुलीत उतरल्या तर भिमाजी वाटेतच आडवा उभा. भिमाजी त्यांचा मावसभाऊ. जमीन एमआयडीसीत गेल्यापासून त्याने कामगारांना राहायला खोल्या बांधल्या होत्या. शेती करताना तो जेवढा ओरडायचा, तेवढाच आता मोटार चालू ठेवून आंघोळी करणाऱ्या भाडेकरूंवर ओरडायचा.

"फोटू बघितला तवाच म्हनलं, ही आज हितनंच जानार!" तो म्हणाला. "चला, भाकरी तयार हाय."

"काका, आम्ही जेवण बरोबर आणलंय. सुका मेवा आहे," अजिंक्य म्हणाला.

"मग तो संध्याकाळी खा," भिमाजी म्हणाला आणि त्याची बॅग स्वतःच उचलून चालू लागला.

बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, वर साय बाजूला न करता वाढलेलं दही. अजिंक्य नको नको म्हणत चौथ्या भाकरीला पोचला. ठेचा तिखट निघाला तेव्हा त्याने आपली बाटली घटाघटा रिकामी केली. जास्तीचं वजन नको म्हणून तो एकच बाटली बाळगायचा.

आतल्या खोलीत भिमाजीच्या बायकोने कोणालातरी फोन लावलेला शालनबाईंना ऐकू आला. "आवो वन्स, शालनवन्स हितं जेवाय बसल्यात. आता तुमच्याकडंच निघाल्यात." पलीकडून काहीतरी आलं, आणि फोन बंद झाला.

शालनबाईंची भाकरी तोंडात फिरायला लागली. "काय म्हनली अक्का?"

भिमाजीची बायको पदराने हात पुसत म्हणाली, "म्हनल्या, येऊ द्या. वाट काय माज्या बापाची हाय व्हय?"

आता याचा अर्थ काय लावायचा? 'येऊ द्या' म्हणजे ये, की 'वाट बापाची नाही' म्हणजे ये नाहीतर जा, मला काय त्याचं? शालनबाईंनी ते वाक्य मनात चारदा घोळवलं. कधी पहिला अर्धा भाग मोठा वाटे, कधी दुसरा. तेवढ्यात पुन्हा टीशर्ट पुढे धरावा लागला. पुन्हा नारळ, पुन्हा खण, पुन्हा बुटात तांदूळ.

वासुलीपुढे नारिंगी फिती कंपन्यांच्या मधल्या रस्त्याने जात होत्या. एका गेटावर मराठवाड्याकडचा सिक्युरिटीवाला खुर्चीत बसून शेंगा खात होता. त्याने तिघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"मावशी, कुठं निघालाव?"

"कुठंच न्हाई. नुसतं चालायचं."

"काम काय हाय मग?"

"कायबी न्हाई."

"अन् त्याला सुट्टी देतेत का लोक?" तो थक्क झाला. मग त्याने मूठभर शेंगा शालनबाईंच्या हातात ठेवल्या. बसून खायला सांगितलं नाही, हे पाहून अजिंक्यला तो दिवसातला सगळ्यात शहाणा माणूस वाटला.

पण व्हायचा तो उशीर झालाच होता. ऊन पिवळं पडलं, कंपनीची शिफ्ट सुटली आणि रस्ता मोटरसायकलींनी भरला. एका वळणावर अजिंक्य थांबला. उजवीकडे नारिंगी फीत मातीच्या वाटेने टेकाडामागे गेलेली. समोर सरळ डांबरी रस्ता.

"काकू, मुक्कामाची शाळा समोरच्या रस्त्याने जवळ पडेल. बोरजाईवाडीचा वळसा आज सोडून देऊ. बाकीचे केव्हाच पोचलेत."

आज नाही तर परत कधी? हा योग पुन्हा कुठून येणार? त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. "मी फितीनं जानार."

"अहो, अंधार पडेल."

"तूच पहिल्या दिवशी म्हनला व्हतास ना, का खुणेची वाट सोडली तर चालल्याचं धरायचं न्हाई? आमाला सगळ्यास्नी हात वर करून बोलाय लावलं व्हतंस." शालनबाईंचा आवाज चढला. "मी तीन दिवस तुजं सगळं ऐकलं. माजी साडी काढून घेतलीस, ऐकलं. तांब्या काढून घेतलास, ऐकलं. आता तू माजं ऐक. मला त्याच वाटेनं जायचंय."

अजिंक्यने मदतीसाठी उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षा केव्हाच मातीच्या वाटेला लागली होती.

बोरजाईवाडीचं पहिलं घर अक्काचं. वाट तिच्या अंगणाला खेटून जाते, आणि नारिंगी फीत तर चक्क तिच्या दारच्या पेरूलाच बांधलेली. शालनबाईंचा चालण्याचा वेग आपोआप कमी झाला. दार लोटलेलं होतं. चुलीचा धूर मागच्या बाजूने वर जात होता, म्हणजे घरात कोणीतरी होतं. खिडकीचा पडदा हलला की काय असं वाटलं, पण तो वाराही असेल.

हाक आली नाही.

शालनबाई खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागल्या. उत्कर्षा बघत राहिली. त्या बुटांना नाड्या नव्हत्या, चिकटपट्ट्या होत्या. शालनबाईंनी एक पट्टी उघडली, लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग दुसऱ्या बुटातले तांदूळ झटकले. बुटात आता एक दाणाही उरला नाही, तरी दारातून कोणी बाहेर आलं नाही. शेवटी त्या उठल्या. एवढंसं तोंड करून म्हणाल्या, "चल पोरी, अंधार हुतोय."

दोघी पेरूपासून चार पावलं पुढे गेल्या असतील नसतील, मागून अजिंक्यचा आवाज आला. "आजी! ओ आजी! प्यायला पाणी मिळेल का?"

दिवसभर प्रत्येक दारातून जो त्यांना बाहेर काढायला बघत होता, तोच आता रिकामी बाटली हातात घेऊन अंगणात उभा होता. ठेच्याने त्याचा घसा अजून जळत होता. कोणाचं दार, कोणाचा रुसवा, त्याला काही पत्ता नव्हता. त्याला तहान लागली होती आणि समोर घर होतं.

दार इतक्या पटकन उघडलं, की आतला माणूस कडीला हात लावूनच उभा असणार. अक्का बाहेर आली. उंच, वाळकी, चष्मा नाकावर उतरलेला, हातात भरलेला तांब्या.

"घे बाबा. पी," ती अजिंक्यला म्हणाली.

"आजी, ओळखलंत का मला? महिन्यापूर्वी झाडाला फीत बांधायला आलो होतो."

"न वळखाया काय झालं? थेरगावचा ना तू. मीच म्हनलं व्हतं, एकीनं दिसायचं न्हाई, दोन बांध."

शालनबाईंनी पेरूकडे पाहिलं. घोरवडेश्वरापासून इथवर प्रत्येक झाडाला एकच फीत होती. या पेरूला दोन होत्या.

अक्काने आता मान वळवली आणि धाकट्या बहिणीला डोक्यापासून बुटापर्यंत बघून घेतलं. "ढिल्ले, सकाळपासनं वाट बघतीया मी. चा दोनदा करून वतला. आन तू दारात येऊन बुटाशी खेळती, आन म्होरं जाती?"

"तू हाक मारली न्हाईस," शालनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा निघाला.

"मी का मारू? आलेल्या मानसानं इचारायचं असतंय, हाय का कोनी घरात म्हनून. मी दाराआड उभी ऱ्हाऊन ऱ्हाऊन पाय मोडून घेतलं."

मग अक्काच्या ओठांचं टोक हललं. "आन ही काय दशा करून घेतलीया? फोटूत बरी दिसत व्हतीस."

"ह्यानं माजी साडी काढून घेतली," शालनबाईंनी अजिंक्यकडे बोट दाखवलं आणि त्यांना हुंदका फुटला. अजिंक्यच्या घशात पाणी अडकलं.

आत चुलीपुढे चहा तिसऱ्यांदा झाला. शालनबाईंनी बशी खाली ठेवली. दिवसभर जे मनात जुळवलं होतं ते कसंबसं काढलं. "अक्का, ती साडी. लग्नाच्या घाईत माज्या ध्यानात आलं न्हाई गं. कुणाची कुठली, खोक्यावरनं कळंना."

"खोकं उघडलं व्हतंस का कधी?"

"न्हाई."

अक्का उठली. फडताळातून तेच खोकं काढून तिने शालनबाईंच्या मांडीवर ठेवलं. "मग आता उघड."

वर जांभळी साडी, मोरपंखी काठाची. फॉल-बिडिंग करून झालेलं. आणि घडीच्या आत त्याच काठाचा ब्लाऊज. कापड नव्हे, शिवलेला ब्लाऊज. हूक लावलेले, बाहीला काठाची बारीक पट्टी, गळा मागे पानाच्या आकाराचा. लहानपणी शालन अशा गळ्यासाठी हट्ट करायची आणि आई शिवू देत नव्हती.

"तुजा एक जुना ब्लाऊज हितं ऱ्हायला व्हता. त्याच्यावरनं माप घेतलं," अक्का म्हणाली. "मशीनवर बसून पाठ धरली माजी. म्हनलं, वास्तुशांतीला नेसून बसंल. न्हाई नेसली. म्हनलं, पोराच्या लग्नात नेसंल. आन मांडवात तूच माज्या हातात दिलीस. तू देऊन टाकलीस, त्याचं न्हाई गं. वरीसभर उघडून बी बघितलं न्हाईस, ते लागलं."

चार वर्षं शालनबाई समजत होत्या, की अक्काचा मान राहिला नाही म्हणून ती रुसली. हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्या ब्लाऊज छातीशी धरून रडू लागल्या. लाज वाटत होती, आणि आपल्यासाठी कोणी इतकं केलं होतं याचं सुखही वाटत होतं. दोन्ही एकदम आलं आणि त्यांना ते आवरेना.

"रडून डाग पाडू नकोस त्याला. जा, नेसून ये," अक्का दरडावून म्हणाली. तिचाही चष्मा ओला झालेला होता.

आतून थोड्या वेळाने शालनबाईंचा दबका आवाज आला. "अक्का, हूक लागत न्हाईत."

"ठाव हाय मला." अक्का कात्री घेऊन आत गेली. "बाजूला दोन बोटं कापड सोडून ठेवलंय. तू फुगनार हे का मला ठाव नव्हतं?" आतून उसवण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दोघींचं हसणं. उत्कर्षाने सासूबाईंना असं हसताना लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं.

बाहेर अजिंक्य ओसरीवर बसून मोबाइलवर क्लबच्या मंडळींना सांगत होता, "नाही, अजून अर्धा तास. नाही, कोणी आजारी नाही. ओटी भरायचीय."

शालनबाई जांभळी साडी नेसून बाहेर आल्या. पायात तेच चिकटपट्टीचे बूट. अक्काने ताटात हळदीकुंकू आणि गहू घेतले, आणि मग तिच्या लक्षात आलं. "नारळ न्हाई की घरात."

"मावशी, आमच्याकडे चार आहेत," उत्कर्षा बॅग उघडत म्हणाली.

अक्काने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "दुसऱ्याचं आलेलं म्होरं ढकलत नसत्यात, पोरी. सासूला इचार तुज्या."

शालनबाई लाजून हसल्या. अक्का अंगणात गेली, फिती बांधलेली फांदी हाताने वाकवली, एक मोठा पेरू तोडला आणि पदराने पुसून आणला. अजिंक्य उठून उभा राहिला आणि त्याने मोबाइलचा उजेड दोघींच्या मध्ये धरला.

"धर पदर," अक्का म्हणाली.

शालनबाईंनी पदर पुढे धरला. पेरू, हळकुंड, ओंजळभर गहू. या खेपेला एक दाणाही खाली सांडला नाही.